आईच्या खोलीतला वास

बंद राहिलेलं घर सगळं घासून झालं, तरी दार उघडलं की तोच वास. दादा म्हणतो, "काहून एवढं मनाला लावून घेतेस? रंग मारला की जाईल." नाही जात. कोपऱ्यातल्या खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्या डिस्टेंपरने पिऊन घेतल्यात. वरून नुसता हात मारला की डाग पिवळा होऊन पुन्हा वर येतो. तो थर प्लास्टरपर्यंत खरवडायचा, धुऊन पुरता वाळू द्यायचा, मग ऑइल प्रायमर, मग पुट्टी. पाण्यातल्या प्रायमरमधून डाग विरघळून वर येतो.

नहाणीचं त्या मानाने सोपं. घर बंद राहिलं, जाळीखालचं पाणी आटलं, की गटाराचा वास थेट आत. बादलीभर पाणी ओतलं की संपलं. कूलरचं गवत मात्र फेकायचंच. ते कुजलेलं असलं तर घर कितीही धुवा, पंखा तोच वास खोलीखोलीत नेऊन पोचवतो.

पण आईच्या खोलीत मांजर... जाऊ दे.

मांजराच्या मुतातल्या युरिक आम्लाचे खडे होतात, ते साध्या पाण्यात विरघळत नाहीत. फरशीच्या सांध्यांत बसून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास मारतात. त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, तेही फिनाइलच्या आधी. फिनाइलने त्याचं काम अडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ते क्लीनर बघता बघता सुकतं, म्हणून वर ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक घालून रात्रभर ठेवायचं. ब्लीचिंग पावडर तिथे अजिबात नको. मुतातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो.

वहिनी कापूर जाळून गेल्या. मनापासून केलं त्यांनी, पण आता कापूर आणि मांजर असे दोन वास आहेत. मला रडूच आलं. त्या खोलीला वाळ्याचा वास असायचा, तो कुठल्या बाटलीतून परत आणायचा?

तो येणार नाही, हे संध्याकाळी खिडक्या उघडताना पटलं. खोलीला कसलाच वास नसला तरी चालेल मला.

दादाला पुढच्याच महिन्यात भाडेकरू हवेत. त्याला सांगितलंय, पावसाच्या चार सरी पडू दे. त्या दमट हवेत आईच्या खोलीतली फरशी गप्प राहिली, तरच पेंटरला बोलवायचं. नाहीतर सांधे उकरून नवे भरायचे.