मोगऱ्याचा ताण

मिरज, १८ मार्च

परसातल्या बटमोगऱ्याच्या नव्या फुटव्यांना आज यंदाच्या पहिल्या कळ्या दिसल्या. जानेवारीतल्या छाटणीनंतर उरलेल्या ज्या खोडक्यांकडे पाहून घरातले सगळे हळहळले होते, त्या आता पोपटी पालवीने झाकून गेल्या आहेत. मोगऱ्याला कळी येते ती त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या काडीच्या टोकाला. जुन्या काड्यांचे जाळे तसेच राखले तर झुडूप दाट दिसते खरे, पण फुले विरळ येतात. त्यामुळे छाटणीच्या वेळी मन घट्ट करावेच लागते.

त्याहूनही अवघड वाटतो तो ताण, म्हणजे छाटणीआधी काही दिवस झाडाचे पाणी तोडणे. सासूबाईंचे माहेर डाळिंबाच्या बागेचे, त्यामुळे बहार धरण्यापूर्वी पाणी तोडण्याची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे आणि मोगऱ्यालाही त्या तीच लावतात. थंडीत झाड विसावलेले असते. तेव्हा पाणी आणि खत चालू ठेवले, तर त्याची शक्ती पाने वाढवण्यात जाते. पाणी तोडले की पाने पिवळी पडून गळतात, वाढ थांबते आणि काडीत अन्नाचा साठा होतो. आमची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी असल्यामुळे हा ताण मुरमाड जमिनीपेक्षा जास्त दिवस द्यावा लागतो. त्या दिवसांत सुकत चाललेल्या झाडाशेजारून भरलेली झारी घेऊन पुढे जाताना मला दरवर्षी वाईट वाटते, आणि ते वाटणे सवयीने कमी झालेले नाही.

ताण पुरा झाल्यावर जमिनीपासून सुमारे दीड फुटावर सगळ्या काड्या कापल्या, वाळक्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडापासून काढल्या, आळे खुरपून माती थोडे दिवस उन्हात तापू दिली आणि मग चांगले कुजलेले शेणखत व थोडा हाडांचा चुरा मिसळून पाणी सुरू केले. पहिले पाणी हलके दिले, नंतरचे भरपूर. युरियाचा मोह मात्र टाळते, कारण नत्र जास्त झाले की हिरवागार पाला माजतो आणि कळ्या कमी लागतात.

आमच्या मातीत चुनखडी आहे, म्हणून नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यावर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार (फेरस सल्फेट), विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारते, म्हणजे पुढची पालवी हिरवी येते. आजही काही पानांवर तो पिवळेपणा दिसला. उद्या ऊन उतरल्यावर फवारणी करायची आहे.

आता रोज सकाळी कळ्या निरखायला हव्यात. कळी पोखरणारी अळी आत शिरली की कळी जांभळट पडते, शेजारच्या कळ्या जाळीने एकमेकींना चिकटतात आणि त्या उमलतच नाहीत. अशा कळ्या दिसताक्षणी खुडून नष्ट करणे आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे, एवढे घरच्या झाडाला पुरते. गुच्छातली मधली कळी आधी फुलते, बाजूच्या नंतर. म्हणून गजऱ्यासाठी अख्खा गुच्छ न तोडता टपोरी झालेली कळीच तेवढी खुडावी, हे मी मुलींना पुन्हा सांगितले. एक बहार सरला की त्या काड्यांचे शेंडे थोडे खुडायचे, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात आणि पावसाळ्यापर्यंत फुले मिळत राहतात.

जाऊबाईंनी रोप मागितले आहे. या मोगऱ्याला बी धरत नाही, तेव्हा जूनमध्ये पाऊस लागला की जमिनीलगतची एक लवचीक फांदी वाकवून, पेराखालची साल थोडी खरवडून मातीत दाबायची आणि मुळे धरली की वेगळी करायची. त्यासाठी पूर्वेकडची एक फांदी छाटणीच्या वेळीच लांब राखून ठेवली आहे.