बुंध्यावर नोटीस लागली, तेव्हा

धोकादायक झाडाचा अपवाद सोडला, तर मुंबईत झाड परस्पर तोडता येत नाही. झाडांच्या जतनाच्या 1975 च्या कायद्यानुसार वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावर नोटीसही लावावी लागते. हरकत घ्यायला मुदत असते सात दिवसांची. मुलुंडला आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या भूखंडावर पुनर्विकासासाठी अशा नोटिसा लागल्या, तेव्हा त्यातला निम्मा वेळ लोकांना गाठण्यातच गेला.

मी घाईघाईने एक कळकळीचं पत्र लिहून शेजारच्या काकांना दाखवलं. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली. ते म्हणाले, "अगं, 'झाडं तोडू नका' एवढ्यावर कोण थांबेल? कुठलं झाड, केवढं, किती वर्षांचं आणि ते का ठेवायचं, ते लिही." मग पत्र बाजूला ठेवलं आणि शिवणकामाची टेप घेऊन आम्ही दोघं खाली उतरलो. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, छातीच्या उंचीला, बुंध्याचा घेर मोजायचा असतो. दोन पर्जन्यवृक्षांना टेप पुरेना, सुतळी बांधून मोजावं लागलं.

विकासकाच्या यादीत उंबर 'इतर' या रकान्यात होता. मला त्याचा मनापासून संताप आला. उंबराची फळं फांद्यांना आणि थेट खोडालाच लगडतात. रात्री वटवाघळं आणि दिवसा बुलबुल, कोकिळा, कधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने आलेला राखी धनेश त्यांच्यावर जगतात. हे सगळं त्या झाडाखाली रोज थोडं थोडं थांबल्यावर दिसलं. सोनमोहराच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याने भोक पाडलं होतं, तेही तेव्हाच दिसलं. 'टुक टुक' तर वर्षानुवर्षं खिडकीतून ऐकत होते.

वयाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा ठरला. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावावी लागतात. पण पर्जन्यवृक्ष भराभर वाढतो, नुसत्या घेरावरून त्याच्या वयाचा अंदाज फसतो. तळमजल्यावरच्या आजींनी ट्रंकेतून एक फोटो काढून दिला, कॉलनीच्या सत्यनारायणाचा, मागे तारीख लिहिलेला, 1969 सालचा. चौरंगाच्या मागे दोन्ही पर्जन्यवृक्ष उभे, तेव्हाच दुमजली उंचीचे. त्या फोटोच्या प्रती आम्ही प्रत्येक हरकतीला जोडल्या.

एकाच पत्रावर पन्नास सह्या घेण्यापेक्षा घरटी वेगळी हरकत द्यावी, असं माझं मत झालं आहे; प्रत्येक पत्राला स्वतंत्र आवक क्रमांक मिळतो आणि पुढे विचारताना तोच हाताशी असतो. महापालिकेच्या विभाग कार्यालयात पत्र देऊन पोच घेतली, ईमेलही केला. हे सगळं मुदतीत होणं अतिशय गरजेचं. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या आरे कॉलनीत मेट्रो कारशेडसाठी रातोरात तोड सुरू झाली आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. स्थगितीने तुटलेलं झाड परत उभं राहत नाही.

सुनावणीत आम्ही एकच विनंती लावून धरली: आत येणारा रस्ता काही फूट सरकवा. नकाशा टेबलावर होता, आमची मापं त्यावर पेन्सिलीने मांडली. दोन्ही पर्जन्यवृक्ष, उंबर आणि काटेसावर वाचले. भेंडाचं पुनर्रोपण झालं. करंज, जांभूळ आणि सोनमोहर गेले. करवत चालली त्या सकाळी मी गॅलरीचं दार लावून घेतलं. तांबटाची ती फांदी खाली येताना मला बघवणार नव्हती.

मोजणीमुळे लागलेली सवय मात्र आम्ही सोडली नाही. रविवारी सकाळी कॉलनीतली पोरं नोंदवही घेऊन फिरतात. फेब्रुवारीत निष्पर्ण काटेसावरीवर लाल फुलं आली की साळुंक्या किती, कावळे किती, कोण मध पितंय, ते लिहितात. निसर्गातल्या नोंदी ठेवायच्या आयनॅचरलिस्ट ॲपवर फोटोही टाकतात. सोसायटीच्या आवारातल्या बकुळीभोवतीचं सिमेंट फोडून तिच्या मुळांपाशी माती मोकळी केली. भाज्या धुतलेलं पाणी उन्हाळ्यात पाळीपाळीने तिथेच जातं. आजी आता रोज संध्याकाळी उंबराखाली खुर्ची टाकून बसतात आणि कोणी फांदी तोडताना दिसलं की थेट मला हाक मारतात.

बदल्यात लावायची रोपं सहा ते आठ फुटांची असावीत आणि सात वर्षं जपावीत, असं कायदा सांगतो. ती कुठे लावली हे आम्ही लेखी विचारलं आणि पत्ता मिळाल्यावर जाऊन पाहिलं. ताम्हण आणि करंज तगले आहेत. कडुनिंबाची काही रोपं मात्र वाळली आहेत. त्यांचे फोटो काढले आहेत आणि त्यांच्या जागी नवी लावावीत असं पत्र काकांनी लिहून तयार ठेवलं आहे. सोमवारी कार्यालय उघडलं की ते द्यायचं आहे.