भाऊसाहेब उभे राहतात

आज पुन्हा भाऊसाहेब उभे राहिले. मी दारातून आत आले की टेबलावर हात टेकत उठतात. अप्पांपेक्षा वयाने मोठे आहेत. "बसा हो," मी रोज म्हणते. मी बसल्याशिवाय ते बसत नाहीत.

मग दिवसभर तेच डोक्यात. तहसील कार्यालयातली ही साहेबाची खुर्ची आपली नाही. एमपीएससी मेन्सच्या जीएसला, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरला, शेवटच्या मिनिटांत मी काय केलं ते मला माहीत आहे. चुकलं तर पाव मार्क जातो, तरी गोळे रंगवले. दीडशे प्रश्नांतले ते तुक्के बसले नसते, तर मी अजून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत असते आणि इथे ती, माझी मैत्रीण. तिने एकही तुक्का मारला नव्हता. तत्त्व म्हणे! आता तिला नवा पॅटर्न, सगळं वर्णनात्मक, १७५० मार्कांचं. आमच्या वेळी ८००. लिहून लिहून बोटं धरतात म्हणत होती. अक्षर मात्र तिचं... जाऊ दे.

गावातला माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून उतरलेला नाही. अप्पा उतरवू देत नाहीत.

दुपारी एक आजी आल्या, निराधार योजनेच्या प्रकरणाला. पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात उत्पन्नाचा दाखला. योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये. हा आकडा दिसला की मला आईची रोजंदारी आठवते. दाखला माझ्यापुढे ठेवून आजींनी विचारलं, "सायब कवा येणार?" मीच म्हटल्यावर भाऊसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "खरं का वो?"

इतकं बरं वाटलं! कुणीतरी तोंडावर विचारलं एकदाचं.

संध्याकाळी न राहवून भाऊसाहेबांना म्हटलं, तुम्ही उठता ते मला कसंतरीच होतं. चष्मा पुसत म्हणाले, "मी खुर्चीला उठतो, मॅडम. तुमच्या आधीच्या साहेबांनाही उठायचो. त्यांना तर जमिनीचा फेरफार वाचता येत नव्हता."

घ्या. म्हणजे ते उठणंसुद्धा माझं नव्हतं, आणि मी त्यावरून झोप घालवत होते.

आजींचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरंच आहे. उद्या सकाळीच तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फोन लावायला हवा, नाहीतर प्रकरण पुढच्या बैठकीवर जाईल. तिलाही फोन राहिलाय. रविवारी करते म्हटलं, पण रविवारी तिची टेस्ट सिरीज असते.