आहेराच्या वहीतली आतेबाई

भाच्याच्या जातीच्या दाखल्यापासून हे सगळं सुरू झालं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, हे आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण ओबीसीत 'कुणबी' बसतो, 'मराठा' नाही, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जात 'मराठा', वडिलांच्या दाखल्यावर तेच. म्हणजे त्याहून मागे जायचं, आणि पुराव्याला जोडून प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्यायची. भावाने फोनवर सांगून टाकलं, "ताई, तू रिटायर आहेस, तूच बघ." रिटायर माणसाकडे वेळच वेळ असतो असं घरच्यांना वाटतं. ते खरं असतं, म्हणून जास्त राग येतो.

जुन्नरजवळच्या एका शाळेत मी ३१ वर्षं गणित शिकवलं. वंशावळ काढायला बसले तर दहा मिनिटांत खेळ खलास. भाचा, भाऊ, वडील, आजोबा, पणजोबा. पणजोबांच्या वर कुणाचंच नाव कुणाला माहीत नाही. आजोबांना एक थोरली बहीण होती आणि "तिला घाटाखाली दिली होती", एवढं आई सांगायची. आमच्याकडे घाटाखाली म्हणजे नाणेघाट उतरून मुरबाडच्या अंगाला. बहिणीचं नाव विचारलं की आई म्हणायची, "आतेबाई." वडील म्हणायचे म्हणून तीही म्हणायची.

(इथे घरच्यांची नावं लिहीत नाहीये. चुलतभावाने बजावलंय की नेटवर नावं टाकलीस तर उद्या कुठला तरी भामटा तुझा खापरपणतू म्हणून फोन करील.)

पहिला आधार कोतवाल बुकाचा. कागदोपत्री गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनी बुकं मोडी लिपीत. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदी हुडकायला जो तो मोडी वाचणाऱ्याच्या मागे लागला. आम्हाला जो जाणकार मिळाला त्याने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. शेवटी मीच दहा दिवसांचा वर्ग लावला. वर्गात सगळ्यात म्हातारी मी, आणि सगळ्यात जास्त शंकाही माझ्याच.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग तिला अक्षरं लोंबकळवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, र्‍हस्व-दीर्घाची भानगड नाही. उभ्या आयुष्यात पोरांच्या वह्यांत र्‍हस्व-दीर्घाला लाल गोल केले त्याचं मला जरा वाईटच वाटलं. एका वेलांटीवर शेकडो वर्षं राज्यांचे हिशोब चालले की!

माझी पहिली घोडचूक 'कोम' या शब्दाची. बायकांच्या नावापुढे सारखं यायचं, अमुकबाई कोम तमुकजी, सगळं एकाला एक चिकटलेलं. मला वाटलं कौम, म्हणजे जात. जातच तर शोधत होते! दोन दिवस मी त्या 'कोम'पुढचा शब्द कुठल्या जातीचा म्हणून डोकं खाजवत होते. सरांनी बघितलं आणि हसून म्हणाले, "बाई, कोम म्हणजे बायको. पुढे आहे तो नवरा." बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. या दोन शब्दांवर निम्मं बुक उलगडतं.

१९१८ च्या बुकात ऑक्टोबर लागला आणि नोंदींची पानं एकदम वाढली. सप्टेंबरात जेमतेम एक पान, ऑक्टोबरात मोजता मोजता सातवं. मृत्यूचं कारण या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द: ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याने काही ठिकाणी नुसत्या दोन रेघा ओढल्यात, म्हणजे वरचंच खाली. इन्फ्लुएंझाची साथ. पुस्तकात वाचली होती, पण त्या दोन रेघांनी पोटात गोळा आला. पाचव्या पानावर पणजोबा. वय ३५, ताप, आणि जातीच्या रकान्यात स्पष्ट 'कुणबी'. पुढच्या पानावर, आठ दिवसांनी, पणजी. ती 'कोम' म्हणून आली होती, म्हणून सापडली.

भाच्याचं काम त्या ओळीने झालं. नक्कल मिळाली, प्रस्ताव गेला, दाखला आला. भावाने पेढे पाठवले. तिथेच थांबायला हवं होतं. पण आता प्रश्न पडला की दिवाळीच्या तोंडावर आई-बाप दोन्ही गेले तेव्हा आजोबा दहा वर्षांचे होते, मामाने नेले हे माहीत आहे. मग बहिणीचं काय झालं?

पुरावे शोधताना आईची पत्र्याची ट्रंक उपसली होती. त्यात १९५५ ची आई-वडिलांच्या लग्नातली आहेराची वही होती. ही वही कुणी कागदपत्रात धरत नाही. खरं तर नातेसंबंधांचा इतका चोख हिशोब दुसरीकडे कुठेच नसतो, कारण घेतलेला आहेर पुढे कधी ना कधी परत करायचा असतो. माणसं आजोबांचं नाव विसरतील, कुणी टॉवेल-टोपीवर भागवलं ते विसरत नाहीत. बाराव्या पानावर, जांभळट शाईत, गावाच्या नावाखाली मुरबाड, आणि पुढे: "आतेबाईकडून लुगडे १, खण १, रोख रु. २." आडनाव नाही. लिहिणाऱ्याला ते लिहायची गरजच वाटली नसणार.

गाव मिळालं. मग नाशिक, कारण तिथले तीर्थोपाध्याय येणाऱ्या घराण्यांच्या वंशावळी चोपड्यांत, म्हणजे बाडांत, लिहून ठेवतात.

पंचवटीत रामकुंडाजवळ उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो तो "गाव कोणतं?" नाव नंतर. तिथल्या तीर्थोपाध्यायांत गावं आणि समाज वाटलेले आहेत, आणि कुणाचं बाड कुणाकडे हे त्यांना तोंडपाठ असतं. दुसऱ्याच माणसाने मला आमच्या उपाध्यायांच्या घरी आणून सोडलं. जुन्या वाड्यातली खोली, भिंतीत लाकडी कपाट, त्यात लाल कापडात बांधलेल्या लांबोळक्या चोपड्या. त्यांनी गाठ सोडली, अंगठ्याला थुंकी न लावता पानं उलटली (ते बघून बरं वाटलं) आणि पाच मिनिटांत चोपडी माझ्याकडे फिरवली.

वडिलांचं अक्षर. १९६८, आजोबांच्या अस्थी घेऊन आले होते तेव्हाचं. त्यांचा 'श' वरून उगाच एक वेलबुट्टी घेऊन खाली यायचा, तसाच. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते, सात वर्षांची. घाटाच्या पायऱ्यांवर चप्पल वाहून गेली म्हणून रडले होते आणि त्यांनी परतीच्या एसटीपर्यंत कडेवर घेतलं होतं. चोपडीत लिहिलंय: मुलगे दोन, दोघांची नावं. बस. मी नाही. ज्या माणसाने पुढे भावकीशी भांडून मला डी.एड.ला पाठवलं त्याच माणसाने हे लिहिलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चोपडीत मुलगे लिहायचे असतात म्हणून मुलगे लिहिले.

त्याच्या वर शके १८५४ ची, म्हणजे १९३२ ची आजोबांची नोंद. (शकात ७८ मिळवायचे. मात्र जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. हे विसरून लोक वर्षभराने चुकतात.) आजोबांनी वडिलांचं नाव सांगितलंय. त्यापुढे उपाध्यायांच्या अक्षरात: "पुढील माहीत नाही." दहा वर्षांच्या पोराला किती माहीत असणार?

मुरबाडचं विचारलं तर म्हणाले, "ते आमच्याकडे नाही. पलीकडच्या गल्लीत जा." पलीकडच्या गल्लीतले उपाध्याय तरुण होते, मोबाइलवर बोलता बोलताच बाड काढलं. पण आडनाव नाही म्हटल्यावर त्यांनी फोन बंद केला. "नुसत्या गावावर? मग अख्खं गाव चाळावं लागेल." चाळलं. ते पानं उलटत होते आणि मी एकेका घराच्या नोंदीत 'जुन्नर' शोधत होते. दोन चहा झाले. तीन तासांनी १९६२ च्या एका नोंदीवर बोट थांबलं.

एक मुलगा आईच्या अस्थी घेऊन आला होता. मातोश्रींचं नाव, पुढे "माहेर" म्हणून आमचं गाव, तालुका जुन्नर. आणि खाली तीन नावं: मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. तीर्थश्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांसारखे आईकडच्याही तीन पिढ्यांना पिंड देतात, म्हणून गुरुजींनी विचारलं असणार आणि मुलाने सांगितलं असणार. पहिलं नाव कोतवाल बुकातल्या पणजोबांचं, तंतोतंत. वरची दोन नावं आमच्या घरात आज कुणालाच ठाऊक नव्हती.

म्हणजे आजोबांना जी नावं सांगता आली नाहीत ती त्यांच्या बहिणीला येत होती. १९१८ मध्ये ती तेरा वर्षांची असेल. ती नावं घेऊन ती घाट उतरली, मुलाला सांगितली, आणि मुलाने ती परक्या आडनावाच्या चोपडीत लिहवली. आमच्या बाडात मी जन्मभर शोधलं असतं तरी ती सापडली नसती. पोरगी दिली की वंशावळीत तिच्यापुढे रेघ मारतात, आणि इथे आमच्या दोन पिढ्या त्या रेघेच्या पलीकडे जाऊन बसल्या होत्या.

दक्षिणा दिली. मग परत आमच्या उपाध्यायांकडे गेले आणि विचारलं, नवी नोंद मी लिहू का? "लिहा की," म्हणाले आणि पेन पुढे केलं. मी आईचं लिहिलं, आतेबाईचं खऱ्या नावाने लिहिलं, दोन्ही भाऊ, त्यांच्या मुली, मुलगे, आणि मध्ये मी. त्यांनी वाचलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "जागा जरा जास्त घेतलीत."

जाता जाता नाणेघाटाबद्दल. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे सात-आठ वेळा तरी गेले असेन. जकातीचा दगडी रांजण दाखवायचा, नागनिकेचा ब्राह्मी लेख दाखवायचा, पोरांना कड्याच्या टोकापासून मागे ओढायचं आणि डबे खायचे. सातवाहनांची ही राणी, दोन हजार वर्षांपूर्वीची. त्याच लेण्यात तिच्या घरच्यांचे पुतळे होते. आता पुतळे गेलेत, पावलांच्या खुणा आणि डोक्यावर कोरलेली नावं तेवढी उरलीत. सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, राजपुत्र, आणि त्यांच्यातच एक महारठी. जाणकार त्याला नागनिकेचा बाप मानतात. बाईने सासरच्या राजांच्या रांगेत माहेरचा माणूस उभा केला! इतक्या वेळा तिथे उभी राहिले आणि हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. आतेबाई ज्या वाटेने खाली गेली असेल ती वाट त्याच लेण्यासमोरून जाते.

मुरबाडला मात्र मी माळशेजमार्गे एसटीने गेले, गुडघे घाट उतरू देत नाहीत. गावात आडनाव सांगितल्यावर घर लगेच मिळालं. अस्थी घेऊन गेलेला मुलगा आता नाही. त्याची बायको आहे, सत्त्याऐंशी वर्षांची, कान पक्के, डोळे अधू. मी जुन्नरहून आले म्हटल्यावर तिने क्षणभर विचार केला आणि आतल्या सुनेला हाक मारली, "अगं, मामाच्या घरचं माणूस आलंय. तांदूळ आण." मला पाटावर बसवून ओटी भरली. सासूच्या माहेरची म्हणून. सासूबाई गेल्या तेव्हा निरोप धाडला होता, कुणी आलं नाही, हेही ओटी भरता भरताच सांगून टाकलं. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

मग पिशवीतून आहेराची वही काढली आणि ती ओळ वाचून दाखवली. लुगडे १, खण १, रोख रु. २.

"लुगडं मीच घडी घालून दिलं होतं," म्हातारी म्हणाली. "नवी नवरी होते मी. हिरवं होतं, काठ लाल. सासूबाईंना द्यायचं जिवावर आलं होतं, पण दिलं. त्याचा परत आहेर काही आला नाही हो तुमच्याकडून."

सून हसायला लागली. म्हातारी हसली नाही, वाट बघत राहिली. मी पुढच्या महिन्यात येते म्हणाले आणि वहीत त्या ओळीपुढे पेन्सिलने लिहून घेतलं: हिरवे, काठ लाल.