तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तशीच’ का लागत नाही?

इंदूरला आलं की रामबागेत कोणीतरी विचारतंच: "घरची ती पेल एल बिअर अगदी त्या अमेरिकन सिएरा नेवाडा कंपनीच्या बाटलीसारखी लागते का रे? मग इथेच का लावत नाहीस?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं. मध्य प्रदेशात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात भावाच्या गॅरेजमध्ये चालते, म्हणून तिथे.

पहिल्याचं उत्तर देऊन देऊन थकायला झालंय. रेसिपी कोणी लपवलेली नाही. २० लिटरला साडेचार किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली), अर्धा किलो क्रिस्टल ६० (गडद, गोडसर माल्ट). ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, मग तासभर उकळी. उकळी फुटताच मॅग्नम जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) २० ग्रॅम, शेवटची १० मिनिटं उरली की कॅस्केड जातीचे २५, गॅस बंद केल्यावर आणखी ४५. मग साखरेचं अल्कोहोल करणारं यूएस-०५ यीस्ट, १८-१९ अंश. द्रवाची घनता (पाण्याची १ धरून) १.०५३ वरून १.०११ वर आली की अल्कोहोल साडेपाच टक्के. मूळ बाटलीवर ५.६ लिहिलेलं असतं. इथवर फारसं कोणाचं चुकत नाही.

वास कमी वाटला की कॅस्केड वाढवा, असं मी आजवर सांगत आलो. तो सल्ला मागे घेतो. म्हणजे अर्धा मागे घेतो. जुने, पिवळट पडलेले हॉप्स असतील तर वाढवून तरी काय होणार?

खरी माती झाली ती बाटल्या भरताना. बाटलीत फसफस यावी म्हणून १३० ग्रॅम साखर उकळून मिसळलेली, बाटल्या धुतलेल्या, आणि तळाला टेकवून भरायच्या नळीची स्प्रिंग तुटलेली. म्हणून तोटी सरळ बाटलीच्या तोंडावर धरली. वरून धार, आत फेस, फेस बसला की चार बोटं रिकामी जागा, त्यावर बूच. शेवटच्या सहा बाटल्या तेवढ्या साध्या रबरी नळीने, तळापासून, काठाच्या दोन बोटं खालपर्यंत भरल्या.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्या छान. चौथ्यात धारेच्या बाटल्यांतून ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास गायब, त्याजागी पावसात भिजलेलं खोकं. रंगही तांबूस सोनेरीवरून मातकट. आधी हॉप्सना शिव्या दिल्या, मग माल्टला. त्या सहा बाटल्या उघडल्यावर बोलती बंद. माल तोच, यीस्ट तेच, फरक फक्त आत गेलेल्या हवेचा. बाटलीतलं यीस्ट थोडा प्राणवायू खातं हो, पण चार बोटं हवा कुठे पुरी पडणार त्याला?

तर नळी तळाला टेकवा, जागा कमी सोडा, बूच लगेच ठोका. एवढं सांभाळलं की ‘तशीच’ लागते का? तीन ग्लास ठेवून बघितलं: दोनांत मूळ, एकात घरची. पाचांपैकी तिघांनी वेगळा ग्लास बरोबर ओळखला, आणि त्या तिघांतल्या दोघांना तोच जास्त आवडला. खूश व्हायला हरकत नव्हती, पण मूळ बाटलीवरची तारीख वाचली गेली. पाच महिने जुनी. घरची तीन आठवड्यांची.