वारा कुठून येतो ते आधी पाहिलं

आमच्या लग्नाचा मुहूर्त २०२३च्या मे महिन्यातला निघाला. मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, नवरा बँकेत. दोघांच्या सुट्ट्या जुळवून मधुचंद्राच्या सहलीसाठी हातात उरले २ ते ९ जून, म्हणजे सात रात्री. खर्चाची मर्यादा दोघांचे मिळून दीड लाख. मला समुद्र हवा होता, त्याला जंगल.

माझं माहेर वाईचं. कृष्णेच्या घाटावर वाढले, पण समुद्र पाहिला तो सहलीतला, गुडघाभर पाण्यातला. नवरा गुहागरचा. त्याच्या अंगणातून लाटांचा आवाज येतो, त्यामुळे समुद्र म्हणजे त्याला घरचाच. त्याला दाट झाडी, पक्षी, हत्ती पाहायचे होते. मला पाण्यात उतरायचं होतं, तेही असं पाणी की उभं राहिल्यावर आपली पावलं दिसावीत.

मालदीव पहिल्याच संध्याकाळी बाद झालं. प्रवाळाची सपाट बेटं, तिथे याला हवं तसं जंगल नाही, शिवाय जून हा तिथला पावसाचा काळ. अंदमानवर आम्ही बराच विचार केला. राधानगरचा किनारा आहे, बारातांगची खारफुटी आहे, दोन्ही हट्ट पुरे झाले असते. पण जूनमध्ये पाऊस ऐन भरात असतो आणि बेटाबेटांमधल्या बोटी हवामानामुळे रद्द होऊ शकतात. आठ दिवसांत दोन दिवस जेट्टीवर बसून काढणं परवडणारं नव्हतं. केरळात तर पाऊस आमच्याबरोबरच पोहोचणार होता. बालीला जूनमध्ये कोरडी हवा असते, आणि ज्यांच्याकडे दहा-बारा दिवस आहेत त्यांना मी आजही तेच सुचवीन. आम्हाला विमानप्रवासात इतका वेळ घालवायचा नव्हता. मुंबईहून कोलंबो थेट विमानानं अडीच तासांवर, घड्याळही बदलावं लागत नाही. श्रीलंका ठरली.

पहिली चूक तिथेच झाली. एका पर्यटन कंपनीनं ‘हनिमून पॅकेज’ म्हणून कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा आणि कोलंबो असा कार्यक्रम दिला. चहाचे मळे, मग तीन रात्री समुद्रकिनारी, फोटो सुरेख. आम्ही वीस हजार रुपये आगाऊ भरले. जून महिन्यात बेंटोटाचा समुद्र कसा असतो हे ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

ते विचारलं माझ्या सासऱ्यांनी. पत्रिका द्यायला गुहागरला गेलो होतो, तेव्हा त्यांनी कार्यक्रमाचा कागद हातात घेतला आणि म्हणाले, “हे बेंटोटा पश्चिमेच्या अंगाला ना गं? ज्येष्ठात पश्चिमेच्या दर्यावर काय करणार तुम्ही? तिथल्याही होड्या वर ओढलेल्या असतील.” मग त्यांनी एवढंच विचारलं, “वारा कुठून येतो ते बघितलंत का?”

त्या रात्री मी नकाशा घेऊन बसले, आणि वाईच्या पोरीला जे न सांगता कळायला हवं होतं ते समोर दिसलं. नैर्ऋत्येचे वारे मे ते सप्टेंबर श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात, मधल्या डोंगरांवर पाणी ओततात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. आमच्याकडे महाबळेश्वरला आठ-आठ दिवस ढग हलत नाहीत आणि तीस-बत्तीस किलोमीटरवर वाईत नुसता भुरभुर पाऊस असतो, तोच हा प्रकार. पूर्वेचा किनारा, म्हणजे त्रिंकोमाली, निलावेली, पासीकुडा, या महिन्यांत पर्जन्यछायेत असतो आणि तिथला समुद्र शांत असतो. डोंगर उतरून पूर्वेला येणाऱ्या त्या गरम, कोरड्या वाऱ्याला तिथले तमिळ लोक कच्चान म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत सगळं उलटं होतं. ईशान्येचे वारे पूर्वेला पाऊस आणतात आणि बेंटोटा, मिरिसा हे किनारे खुले होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस दोन्हीकडे असतो. देश एकच, पण महिना पाहून बाजू निवडायची. हे कळल्यावर उरलेलं सगळं नियोजन दोन संध्याकाळींत झालं.

आगाऊ रकमेतले निम्मे पैसे बुडाले. त्याचं दुःख झालं. लग्नघरात दहा हजार ही मोठी रक्कम असते.

नव्या आराखड्यात मी एक गोष्ट हट्टानं धरली: राहायच्या जागा दोनच. सिगिरिया या प्राचीन महालाच्या कड्याजवळ तीन रात्री आणि निलावेलीला तीन. पहिली रात्र विमानतळाजवळ निगोंबोला, कारण आम्ही संध्याकाळी पोहोचणार होतो. कँडी ते एल्ला हा रेल्वेप्रवास, ज्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, तो आम्ही काढून टाकला. सहा-सात तासांचा प्रवास, आरक्षण खुलं झाल्या झाल्या तिकिटं संपतात, आणि जूनमध्ये त्या डोंगरात ढगांची शक्यता जास्त. नवऱ्याला फार वाईट वाटलं, कारण ते घाटातलं जंगल त्याला हवं होतं. पण सिगिरियापासून निलावेली गाडीनं अडीच तास. जंगल आणि समुद्र यांत एवढंच अंतर असलं की कुणाचाही दिवस रस्त्यात जात नाही. उष्ण कटिबंधातलं जंगल म्हणजे ओलं, शेवाळलेलंच असं नाही. कोरड्या पट्ट्यातलं हे जंगल वेगळं. पाला कमी, तळी मोठी, आणि त्या तळ्यांवर जनावरं येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता. विमानाचं तिकीट, ऑनलाइन व्हिसा आणि हॉटेलं, सगळं त्याच नावानं केलं. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. मूळ पासपोर्ट फिरतानाही जवळ बाळगा, सिगिरियाच्या तिकिटात सार्क देशांच्या नागरिकांना मोठी सवलत मिळते. माझ्या आईला काळजी वेगळीच होती. आदल्या वर्षीच्या जुलैत, आर्थिक संकटाच्या काळात, तिथल्या राष्ट्रपतिभवनात शिरलेली माणसं तिनं टीव्हीवर पाहिली होती. आम्ही गेलो तेव्हा पेट्रोल क्यूआर कोडवर मोजून मिळत होतं, पण पंपावर रांग नव्हती. रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन रुपये मिळत होते.

आणि एक तयारी केली जी कुठल्याही यादीत नव्हती. एप्रिलभर सकाळी सहाला मी पोहण्याच्या तलावावर गेले. पोहायला पूर्ण आलं नाही, पण पाण्यात तोंड घालून तरंगायला आलं.

सासूबाईंची अडचण आली ती तारखेची. ३ जूनला वटपौर्णिमा, माझी पहिली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बॅगेत सुताचं रीळ आणि हळदीकुंकवाची डबी ठेवली. श्रीलंकेत त्याच दिवशी पोसोन पौर्णिमा होती. सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र याच पौर्णिमेला मिहिंतलेला धर्म घेऊन आला, अशी तिथली श्रद्धा. निगोंबोला रात्रभर पाऊस कोसळत होता, समुद्र मातकट, लाटा उंच. सकाळी निघालो आणि जसजसे आत गेलो तसं आभाळ मोकळं झालं. रस्ताभर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, जागोजागी फुकट जेवणाचे मंडप. गाडी थांबवून, हात धरून जेवायला बसवत होते. आमच्या चालकाला आम्ही अय्या म्हणायचो, म्हणजे दादा. मी रीळ दाखवून विचारलं तेव्हा त्यांनी दंबुल्लाच्या अलीकडे एका विहारापाशी गाडी उभी केली. आवारात बोधिवृक्षाला बायका पाणी घालत होत्या, आणि कडेला एक जुना वड होता. मी सात फेरे घेतले. एका आजींनी काही न विचारता त्यांच्या परडीतली पांढरी फुलं माझ्या ओंजळीत दिली. घरी फोन केला तेव्हा सासूबाई रडल्या.

सिगिरियाचे तीन दिवस नवऱ्याचे होते. पहाटे खोलीबाहेरच्या झाडावर धनेश. गुहागरला दिसतो तोच, चोचीवर काळं-पांढरं शिंगासारखं असलेला. त्यानं ओळखल्यावर जो आनंद केला तो मला सिगिरियाच्या कड्यापेक्षा लक्षात आहे. तिथला रानकोंबडा मात्र जगात फक्त श्रीलंकेतच आहे, तुऱ्याच्या मधोमध पिवळा डाग असलेला. कडा आम्ही मुद्दाम सोमवारी चढलो, पोसोनची गर्दी ओसरल्यावर, सकाळी दार उघडताच. सुमारे बाराशे पायऱ्या आहेत आणि दहानंतर खडक तापतो. पाचव्या शतकात काश्यप राजानं वर महाल बांधला, आणि वाटेतल्या कपारीतल्या भित्तिचित्रांसमोर उभं राहिल्यावर अजिंठ्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

मिन्नेरियाला दुपारी तीनला गेलो. हा तलाव महासेन राजानं तिसऱ्या शतकात बांधला. पावसाळी पाणी ओसरू लागलं की काठावर कोवळं गवत येतं आणि ते खायला हत्ती जमतात. खरा मेळा ऑगस्ट-सप्टेंबरातला, तरी आम्ही अठ्ठावीस मोजले. जिपा मात्र कळपाच्या फार जवळ नेतात. आमच्या जिपेच्या चालकाला आम्ही लांबच थांबायला सांगितलं आणि त्यानं इंजिन बंद केलं. त्यानंतर गवत उपटल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. लोकांनी हे आधीच बोलून ठरवावं असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या रात्री दंबुल्लाच्या पोफम वृक्षोद्यानात गेलो. उजाड झालेल्या जमिनीवर जंगल आपोआप परत उगवू द्यायचं, या विचारानं एका निवृत्त चहामळेवाल्यानं ते १९६३ पासून राखलं. तिथे रात्री लाल उजेडात लोरिस हा निशाचर प्राणी दाखवतात. तळहाताएवढा जीव, डोळेच डोळे. तासभर अंधारात कुजबुजतही न बोलता चालत होतो. लग्नाच्या धावपळीनंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच इतका वेळ गप्प होतो.

मग निलावेली, आणि माझी पाळी. आम्ही समुद्र शेवटी ठेवला ते बरं झालं. तोवर पाय दुखत होते, कपडे धुळीनं लाल झाले होते, आणि वाळूवर पडून राहण्याचा कंटाळा येण्याइतके दिवसही उरले नव्हते. पुळण रुंद, पाणी उथळ, आणि माझी पावलं दिसत होती.

पिजन आयलंडला दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं गेलो. बेट किनाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर, राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे वन्यजीव खात्याचं तिकीट वेगळं. लाइफजॅकेट घालून मी पाण्यात तोंड घातलं, एप्रिलमधल्या सकाळी आठवत. खाली प्रवाळ, पोपटी-निळे मासे, एक कासव अगदी संथ, आणि काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क, जे आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. पण तुटलेलं, पांढरं पडलेलं प्रवाळही खूप दिसलं. माझ्या समोर दोघं जण प्रवाळावर उभे राहून फोटो काढत होते. पाय टेकवल्यानं ते मरतं. तरंगता येत नसेल तर बेटावर बसून पाणी पाहा, पण त्यावर उभे राहू नका.

दुपारी कोणेश्वरम्. समुद्रात शिरलेल्या कड्यावरचं शिवाचं देऊळ, जुनं सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलेलं. वाटेवरच्या किल्ल्यात चितळं मोकळी फिरतात. संध्याकाळी मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुलची काकवी. नवऱ्यानं चव घेतली आणि झाड विचारलं. अय्यांनी रस्त्याकडेचं दाखवलं तर तो आपल्या कोकणातला भेरली माड निघाला. पुढे दोन दिवस आम्ही जेवणात दुसरं गोड मागितलंच नाही.

शेवटच्या पहाटे त्यानं मला साडेपाचला उठवलं. त्यानं जन्मभर सूर्य समुद्रात बुडताना पाहिला होता. इथे तो समोरून, पाण्यातून वर आला. मासेमारीच्या होड्या परतत होत्या. त्याच वेळी गुहागरहून सासऱ्यांचा फोन आला. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठलं होतं, तिकडे दर्या खवळला होता, होड्या कधीच वर ओढून शाकारल्या होत्या. “तुमच्याकडे कसं?” त्यांनी विचारलं. नवऱ्यानं काही न बोलता फोन पाण्याकडे धरला. लाट इतकी बारीक होती की सासरे म्हणाले, “ऐकू येत नाही रे काही.”