गच्चीवरचा चीड पाइन: पिठ्या ढेकूण, लाल कोळी आणि चार वाट्या

फेब्रुवारी, दुसरा आठवडा

नाशिकच्या गच्चीवर कुंडीत वाढवलेल्या माझ्या चीड पाइनला यंदा सहा वर्षे झाली. रोपवाटिकांमध्ये पाइन म्हणून पुष्कळदा अरोकेरिया हे वेगळेच झाड विकले जाते, म्हणून सांगते की हे झाड खरोखरच चीड आहे: एका आवरणातून तीन सुया निघतात आणि त्या वीतभर लांब होऊन खाली झुकतात. आकार देण्यासाठी तार बांधत असताना सुयांच्या आवरणापाशी कापसासारखे पुंजके दिसले. द्राक्षाच्या मुलखात राहणाऱ्याला पिठ्या ढेकणाची, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या या पांढऱ्या, मेणचट किडीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. मी घाई केली आणि दुकानातून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आणून कुंडीत आळवणी केली, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळांशी ओतले. दोन आठवड्यांत पुंजके वाळले, आणि मी स्वतःवर खूश झाले.

एप्रिल

जुन्या सुयांवर बारीक पिवळे ठिपके पडले आणि पुढे सगळ्या झाडालाच तांबूस, मळकट छटा आली. पहिला संशय उन्हावर गेला, परंतु फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकल्यावर कागदावर राईहून कितीतरी बारीक ठिपके चालू लागले आणि बोटाने चिरडल्यावर त्यांच्या तांबड्या रेघा उमटल्या. हा लाल कोळी होता. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, आणि इमिडाक्लोप्रिडचा त्याच्यावर उपयोग होत नाही. उलट त्या औषधाने कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि त्यानंतर कोळ्यांचा उद्रेक झाल्याची उदाहरणे अनेक झाडांवर नोंदलेली आहेत. म्हणजे ही आपत्ती बहुधा मीच ओढवून घेतली होती.

घरात भुकटीचे गंधक होते, पण कडक उन्हात त्याने सुया भाजण्याचा धोका असल्यामुळे ते वापरले नाही; निंबोळी तेलही त्याच कारणाने बाजूला ठेवले. दर तिसऱ्या दिवशी सकाळी नळीचा जोरदार फवारा सुयांच्या खालून वर मारत राहिले. कोरडी, धुळकट हवा कोळ्यांना मानवते, त्यामुळे नुसत्या पाण्याचाही बराच परिणाम झाला. उरलेले काम जूनच्या पावसाने केले.

सप्टेंबरअखेर

पिठ्या ढेकूण परत आला. या वेळी सुया चिकट होत्या, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरली होती आणि स्टँडच्या पायावरून मुंग्यांची अखंड रांग चालू होती. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुंजका पुसला, कारण स्पिरिटने किडीवरचे मेण विरघळते. नंतर सायंकाळी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि किंचित पातळ साबण घालून फवारणी केली. अंडी कापसाळ पिशवीत सुरक्षित राहतात आणि फवारा लागतो तो नुकत्याच बाहेर पडलेल्या, अंगावर मेण नसलेल्या पिल्लांना. त्यामुळे आठ-आठ दिवसांनी तीन फवारण्यांचा बेत होता.

ऑक्टोबर, पहिला आठवडा

द्राक्षछाटणीच्या गडबडीतून वेळ काढून दिंडोरीकडचे मामा येऊन गेले. त्यांनी झाडाकडे न पाहता आधी स्टँडच्या पायांकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, औषध मग मार, आधी मुंग्यांची वाट बंद कर." मुंग्या पिठ्या ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या त्या गोड चिकट्यासाठी त्याला सांभाळतात आणि त्याला खायला येणाऱ्या कीटकांना हुसकावून लावतात, हे मी वाचलेले होते, पण माझ्या कुंडीला ते लागू करायचे सुचले नव्हते. आजीच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत, त्याच पद्धतीने स्टँडच्या चारही पायांखाली वाट्या ठेवल्या. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून साबणाचे दोन थेंब टाकते आणि पाणी दर तीन दिवसांनी बदलते.

तरीही दुसऱ्या दिवशी मुंग्या झाडावर होत्याच. बराच वेळ शोधल्यावर उलगडा झाला की झुकलेल्या लांब सुयांची टोके कठड्याला टेकली होती आणि मुंग्यांनी त्यांचाच पूल केला होता. स्टँड हातभर पुढे ओढले, तेव्हा रांग तुटली. चीड पाइन वाढवणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य तपासावी.

ऑक्टोबर, चौथा आठवडा

आज फांदीवर इतरांहून बराच मोठा, लांब मेणाचे दोरे असलेला "पिठ्या" दिसला. स्पिरिटची काडी त्याच्यावर टेकवणार इतक्यात तो भराभर चालू लागला, म्हणून भिंग आणले. ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी होती! हा भुंगेरा 1898 मध्ये भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागांत पिठ्या ढेकणासाठी मुद्दाम सोडला जातो; त्याची अळी दिसायला थेट आपल्या भक्ष्यासारखीच असते. माझ्याकडे तो कुठून आला कोण जाणे. काडी खाली ठेवली आणि तिसरी फवारणी रद्द केली.

नोव्हेंबर, दुसरा आठवडा

चार अळ्या मोजल्या. पुंजके खालच्या दोन फांद्यांवरच उरले आहेत आणि नव्या सुया कोरड्या, स्वच्छ आहेत. थंडी वाढली की क्रिप्टोलिमस मंदावतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये त्या दोन फांद्या पुन्हा काडीने पुसाव्या लागतील, मात्र आधी भिंगातून पाहून. मुंग्या अजून वाटीच्या काठापर्यंत येतात आणि परत फिरतात.